पडद्याची फाइल

समजा, शिरूर किंवा दौंडच्या शाळेत एक अंध मुलगी संगणकापुढे बसली आहे. पडद्यावरचा मजकूर तिच्या बोटांपर्यंत कसा न्यायचा?

जुन्या पीसीच्या काळ्या पडद्यावर ८० × २५, म्हणजे २००० घरे असत. प्रत्येक घरामागे स्मृतीत दोन बाइट : एक अक्षराचा, एक रंगाचा. एका बाइटाने २५६ आकार दाखवता येतात. मराठी जोडाक्षरांना ते अपुरे पडत; म्हणून पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड काढले.

युनिक्समध्ये उपकरणेही फाइलीसारखी वाचता येतात. १९९५ साली अँड्रीस ब्राउवर यांनी लिनक्समध्ये पडद्याच्या स्मृतीलाच फाइलीचे रूप दिले : /डेव्ह/व्हीसीएस. ती कोणी वाचायची हे परवानगीवर ठरते; नाहीतर दुसऱ्याचे खासगी पत्रही कोणी वाचेल. अशाच फाइलींतून मजकूर घेऊन बीआरएलटीटीवाय ही प्रणाली तो ब्रेल-पट्टीवर उमटवते.

पण स्मृतीत फाँटमधल्या आकाराचा क्रमांकच राही. फाँटमध्ये देवनागरी नसली की अक्षर हरवे. २०१८ साली आलेली /डेव्ह/व्हीसीएसयू ही फाइल मूळ युनिकोड देते. पडद्यावर ‘क’ऐवजी प्रश्नचिन्ह दिसले, तरी आत ‘क’ शाबूत असतो. मराठी वाचू पाहणाऱ्या त्या मुलीसाठी ही सुधारणा आम्हाला सर्वांत मोलाची वाटते.