जांघेतली गाठ आणि १८९७ चा प्लेग

मागच्या वेळी आपण मुंबईच्या मांडवी भागात थांबलो होतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तिथे प्लेग ओळखला, इथपर्यंत. आज पुढे जाण्याआधी एका साध्या प्रश्नापाशी जरा रेंगाळू. जांघेत गाठ आली, तर जुन्या घरातली आजी काय करायची?

ती आधी पाय बघायची. काटा मोडलाय का, बोट चिघळलंय का. "अवधाण आलंय," म्हणायची आणि जखम धुवायला घ्यायची. पायाकडून येणारी लसिका जांघेतल्या ग्रंथींतून जाते, म्हणून जखम खाली आणि सूज वर. हे शास्त्र तिला ठाऊक नव्हतं, पण नातं ठाऊक होतं. खोकल्यावर फुगणारी आणि आडवं पडल्यावर आत जाणारी सूज, ती अंतर्गळ. गुप्तरोगाची गाठ म्हणजे बद. तिचं नाव चारचौघांत घेत नसत. हत्तीरोगातही तिथल्या गाठी सुजतात. म्हणजे एवढ्याशा जागेची तीन-चार निदानं आपल्या भाषेतच होती.

१८९७ साली या सगळ्यांवर एकाच शब्दाची सावली पडली.

४ फेब्रुवारीला साथरोगांचा कायदा झाला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना रांगेत उभं करून काखा, जांघा, मान चाचपायला सुरुवात झाली. आता कल्पना करा, अनवाणी चालणारा शेतकरी, पायाला भेगा, जांघेत जुनं अवधाण. त्यात उन्हानं अंग तापलेलं. त्याला बाजूला काढलं की पुढे इस्पितळ किंवा छावणी, आणि घरच्यांची ताटातूट. लोकांना मरणाइतकीच या ताटातुटीची धास्ती होती, हे आपण नीट लक्षात घेतलं पाहिजे. बायकांच्या तपासणीबद्दल तर संताप होताच.

बरं, ही तपासणी अचूक होती का? प्लेगचा एक प्रकार फुफ्फुसांचा, एक थेट रक्तात भिनणारा. त्यांत गाठ दिसेलच असं नाही. म्हणजे साधी गाठवाला अडकू शकत होता आणि खरा रोगी पुढच्या गाडीत बसू शकत होता. गाठीतला द्रव काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येत होतं. येर्सिननं हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच तो जंतू शोधला होता. पण फलाटावर ते कोण करणार?

आणि गाठ बहुतेकदा जांघेतच का? पिसू पायाला चावते म्हणून. पण पिसवेचा हा धागा सिमाँ यांनी कराचीत दाखवला तो १८९८ साली, आणि त्यावर विश्वास बसायला पुढे कित्येक वर्षं गेली.

पुण्याची गोष्ट सांगताना आपण सहसा २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत झाडलेल्या गोळ्यांवर येतो. रँड, चापेकर बंधू, खटला. ते पुढच्या व्याख्यानात घेऊच. पण त्याच वर्षी पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले दवाखाना चालवत होते, आणि त्यांच्या आई सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत होत्या. त्या शुश्रूषेत त्यांनाच प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.