टकळीपासून पाबळपर्यंत

‘शाश्वत विकास’ हा शब्द आज शाळेतल्या मुलांना पाठ असतो. पण पाणी, माती, कापूस ही साधनं मोजकी आहेत, हे मुलांना शिकवायचं कसं? हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. त्याचा एक धागा आज आपण पाहू.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि नई तालीमचा आराखडा पुढे आला. साडेपाच तासांच्या शाळेत 3 तास 20 मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे अनेक ठिकाणी सूतकताईला.

आता बघा, टकळीवर मूल काय शिकतं? पेळू तोलून घ्यायचे, सूत काढायचं, तार मोजायचे. 640 तारांची एक गुंडी. शेवटी हिशेब: कापूस किती घेतला, सूत किती झालं, वाया किती गेलं? गणित तर आलंच. पण वाया गेलेला कापूस कुणीतरी शेतात राबून पिकवला होता, हेही त्यातच आलं.

आक्षेपही तिथेच निघाले. मुलांच्या मालावर शाळेचा खर्च भागवायचा, तर शाळेचा कारखाना होणार नाही का? प्रा. के. टी. शहांसारख्या अर्थतज्ज्ञांची ही शंका रास्त होती. मात्र पुढे झालं असं, की उत्पादनाबरोबर हिशेबही गेला. कोठारी आयोगाने (1964–66) कार्यानुभव सुचवला; आपल्यापैकी अनेकांना त्यातली कागदाची फुलंच आठवतात.

हा धागा पुन्हा उचलला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून त्यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गाव अवर्षणग्रस्त. मुलं शेती, पशुपालन, वेल्डिंग, बांधकाम, ऊर्जा, आरोग्य अशी कामं करत शिकू लागली आणि गावाला सेवाही देऊ लागली. जमिनीचा विद्युतरोध मोजून भूजलाचा अंदाज घेण्याचं तंत्रही तिथे वापरलं गेलं. असा अंदाज चुकला, तर कुणाचा तरी पैसा कोरड्या विहिरीत जातो. पेपरातला एक गुण जाणं आणि हे, यात फरक आहे की नाही?

1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले. विषय आला, प्रकल्पवही आली. ‘पाणी वाचवा’ची चित्रं दुकानात तयार मिळू लागली. वही पूर्ण होते, पण शाळेच्या टाकीत रोज किती लिटर पाणी येतं, हे वर्गात कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून या इतिहासातून आपण घ्यायचं ते टकळी नव्हे, तो हिशेब. शाळेची टाकी, शाळेचं वीजबिल, पोषण आहारात उरलेला भात: मुलांनी महिनाभर हे मोजावं, आणि निघालेल्या आकड्यावर शाळेने काहीतरी बदलावं. बदल झाला नाही, तर तीही नुसती वहीच.