अथेन्सची न्यायसभा आणि फिर्यादीचा हक्क

ग्रीक लोकशाहीचे गोडवे आपल्याकडे पुष्कळ गायिले गेले आहेत. घाटावरच्या चिखलीत बसून हा इतिहास वाचताना मला एकच प्रश्न पडतो: त्या न्यायसभेपुढे फिर्याद घेऊन कोणाला उभे राहता येत होते?

जे थोर होते ते आधी मान्य केले पाहिजे. इ. स. पूर्व ५९४ च्या सुमारास सोलनने कर्जापायी माणसाला गुलाम करण्याची चाल बंद केली. अन्याय झालेल्याच्या वतीने कोणाही नागरिकाला फिर्याद करण्याची मुभा दिली. पुढच्या शतकात तिशी ओलांडलेल्या नागरिकांतून दरवर्षी ६००० पंच चिठ्ठ्या टाकून निवडले जात. एकेका खटल्याला २०१, ५०१ असे पंच बसत. निकाल सांगणारा न्यायाधीश नव्हता. दोन्ही बाजूंनी पाणघड्याळाच्या मापाने बोलायचे आणि पंचांनी गुप्त मत द्यायचे. पेरिक्लीजने पंचांना भत्ता सुरू केला, म्हणून हातावर पोट असलेला नागरिकही न्यायासनावर बसू शकला. वर्णागणिक शिक्षा बदलणाऱ्या मनुस्मृतीशेजारी हे ठेवून पाहावे.

परंतु त्या आसनावर स्त्री नव्हती, गुलाम नव्हता. मस्तवालपणे केलेल्या अवहेलनेविरुद्ध अथेन्समध्ये कायदा होता आणि त्याचे संरक्षण गुलामालाही होते. फिर्याद मात्र नागरिकानेच करायची! गुलामाची साक्ष सामान्यतः त्याचा छळ करून घेतली तरच ग्राह्य. आपल्याकडेही गावशिवेच्या तंट्यात महाराचा शब्द पुरावा म्हणून चाले, आणि त्याचे घर मात्र गावकुसाबाहेरच राही. ज्याची साक्ष हवी पण ज्याची फिर्याद नको, असा माणूस दोन्ही समाजांनी निर्माण केला.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी अथेन्सचाच इतिहासकार ग्रोट याचा आधार घेतला. संविधानिक नीती उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, असे त्यांनी बजावले. याचा अर्थ आपल्या तालुक्यात तपासता येतो. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने फिर्यादीचा हक्क आपल्या हाती दिला, पण त्यातील गुन्हे आपसात मिटवण्याजोगे ठेवले. ज्याच्या शेतावर मजुरी करायची त्याच्याशी ‘आपसात’ म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. १९७६ च्या दुरुस्तीने ती वाट बंद केली. १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला.

कायदा आज अथेन्सच्या पुढे गेला आहे. तरीही पोलीस ठाण्याच्या पायरीवर ‘कशाला वाढवता, मिटवून घ्या’ असा सल्ला देणारा भेटतोच. तो सल्ला नाकारून आपली फिर्याद आपल्याच तोंडाने लिहवून घेणारी बाई मला अथेन्सच्या पंचाहून मोठी नागरिक वाटते.