दोन-तीन पिढ्यांपुरता बांध

आधी चढा. आपल्याकडे नदीवर जायचं म्हणजे उतरायचं. गाव वर, घाटाच्या पायऱ्या खाली. मिसिसिपीच्या मुखाशी हे उलटं आहे. साल 1700च्या आसपासचं, महिना एप्रिल, आणि तुम्ही छातीएवढ्या गवतात उभे आहात. नदी तुमच्यापेक्षा उंचावरून वाहतेय. दर वसंतात ती काठ ओलांडून सांडते. जड रेती काठाशीच बसते, बारीक गाळ पाण्याबरोबर लांब जातो. म्हणून काठ सगळ्यांत उंच. तिथून दूर चालत गेलात की जमीन हळूहळू उतरत जाते, आधी सायप्रसच्या पाणरानात, मग गवताळ खाजणात, मग समुद्रात. ती नेमकी कुठे संपते ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

पाय काढून बघा. निघत नाही ना? या चिखलात रॉकी पर्वतापासून अ‍ॅपलाचियनपर्यंतची माती आहे. गेली सात हजार वर्षं ती इथे साचतेय. स्वतःच्या वजनाने ती दबतही असते, दर वर्षी काही मिलिमीटर. पुढचा पूर येतो आणि वर नवा थर चढवतो. खचणं आणि भरणं यांचा हिशेब असा जेमतेम जुळत राहतो, आणि त्या जुळण्यावर सगळा दक्षिण लुइझियाना तरलेला आहे.

1722. फ्रेंचांनी काठाच्या उंचवट्यावर न्यू ऑर्लिन्स वसवून चार वर्षं झालीत. सप्टेंबरात चक्रीवादळ येतं आणि बहुतेक लाकडी घरं आडवी होतात. तुम्ही भिजून कुडकुडताय, पण अभियंता आद्रियां द पोजेला फारसं दुःख झालेलं नाही: त्याने आखलेल्या सरळ रस्त्यांच्या आड येणारी खोपटी वाऱ्याने फुकटात पाडून दिलीत. 1727पर्यंत शहरासमोर मैलभर लांबीचा मातीचा बांध उभा राहतो. पुढे ज्याची जमीन नदीकाठी त्याने आपल्यापुरता बांध घालायचा असा दंडक होतो, आणि मळेवाले ते काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर टाकतात. एका काठावर बांध झाला की समोरच्या काठावर पाणी चढतं. मग समोरचाही घालतो. दीडशे वर्षं हेच.

पुढे जाण्याआधी एक गैरसमज इथेच टाकून द्या. पाणथळ शाबूत होतं तेव्हा वादळं निरुपद्रवी होती, असं अजिबात नाही. 10 ऑगस्ट 1856ला आइल दर्निएर या बेटावर, साखरेच्या श्रीमंत मळेवाल्यांच्या हवा खायच्या ठिकाणी, तुम्ही असाल तर मी तुमच्या परत येण्याची हमी देणार नाही. समुद्र बेटावरून आरपार गेला, सुमारे दोनशे माणसं मेली, बेटाचे तुकडे झाले. 1893च्या ऑक्टोबरात शेनिएर कॅमिनाडा हे मच्छीमारांचं गाव असंच धुऊन निघालं. किनाऱ्याच्या अगदी ओठावर राहणाऱ्याला खाजण वाचवत नाही, कारण ते त्याच्या पाठीमागे असतं. ते वाचवतं आतल्या माणसाला. वाऱ्याने ढकललेल्या उधाणाला गवताच्या पात्यापात्याला घासत, सायप्रसच्या बुंध्यांना अडत आत यावं लागतं, आणि वाटेत त्याचा जोर सरतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी जुन्या वादळांवरून यासाठी एक ठोकताळाही काढला: पावणेतीन मैल खाजणामागे एक फूट उधाण कमी. ठोकताळाच तो. वादळ रेंगाळलं तर खाजण काठोकाठ भरतं आणि मग ते काही अडवू शकत नाही.

आता डिसेंबर 1897. एखाद्या वाचनालयात बसा. पाय कोरडे राहण्याची या प्रवासातली ही एकच संधी. हातात नॅशनल जिऑग्राफिकचा अंक आहे आणि त्यात एल्मर कॉर्थेल या अभियंत्याचा मिसिसिपीच्या त्रिभुज प्रदेशावरचा लेख. हा साधासुधा माणूस नव्हे. नदीच्या मुखाशी जहाजांना खोल वाट करून देणाऱ्या जेम्स ईड्सच्या हाताखाली त्याने काम केलंय. तो लिहितो की बांधांनी पुराचं पाणी पूर्णपणे अडवलं तर इथली जमीन समुद्राच्या पातळीखाली जाईल आणि हळूहळू सोडून द्यावी लागेल. एवढं लिहून तो पुढच्याच दमात तराजू उचलतो. आजच्या आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांचा फायदा इतका मोठा आहे, की त्यानंतरच्या लोकांचं नुकसान त्यापुढे हलकं ठरतं. आणि तोवर देश एवढा श्रीमंत झालेला असेल, की वेळ येईल तेव्हा समुद्र अडवायलाही एक बांध घालून टाकेल.

अंक मिटण्याआधी ती ओळ पुन्हा वाचा. आम्हाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय या लेखाने कायमची काढून घेतलीय. मला कॉर्थेलचा राग येत नाही. निदान त्याने बिल कोणाच्या नावावर फाडलं ते तरी लिहून ठेवलं. 1897पासून तीन पिढ्या मोजा. विसावं शतक संपत आलेलं असेल.

बाराटारियाच्या खाडीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, डोळ्यांआधी नाकाला ओळख पटते: सोडे! पाण्यात खांब रोवून उभारलेल्या लाकडी फलाटांवर कोळंबी वाळत पडलीय. या वस्तीचं नाव मनिला व्हिलेज, आणि इथली बरीच माणसं फिलिपिन्सहून आलेली. पायाला गोणपाट बांधून ती वाळल्या कोळंबीवर गोल गोल नाचताहेत, म्हणजे टरफलं सुटतात. तुम्हीही नाचा थोडं. सात समुद्रांपलीकडे अलिबागच्या बाजाराचा वास रोज मिळत नाही.

त्याच सुमारास उत्तरेला शहरात बाल्डविन वुड नावाच्या अभियंत्याचे अगडबंब पंप सुरू झालेत. ते शहरामागची दलदल उपसून कोरडी करतात, तिथे प्लॉट पडतात, बंगले उठतात. पण ती जमीन निम्मी कुजलेल्या पाल्याची. पाणी काढलं की ती त्या फलाटावरच्या कोळंबीसारखी आक्रसते. घरं बांधून होतात आणि आपल्या जागी उभ्या उभ्या समुद्राच्या पातळीखाली उतरायला लागतात.

29 एप्रिल 1927ला कॅर्नार्व्हनला पोचा. न्यू ऑर्लिन्सच्या खाली नदीकाठचं हे ठिकाण, आणि आज इथे यायला परवाना लागतो. शहरातली प्रतिष्ठित मंडळी गाड्या घेऊन तमाशा बघायला आलीत. देशातला तोवरचा सर्वांत मोठा पूर वरून उतरतोय. शहरातल्या बँकवाल्यांनी गव्हर्नरला पटवलंय की शहर वाचवायचं तर खालचा बांध सुरुंगाने उडवला पाहिजे. खाली सेंट बर्नार्ड आणि प्लाकमिन्स हे दोन जिल्हे आहेत. तिथे कॅनरी बेटांवरून आलेल्यांचे वंशज मासे धरतात आणि खाजणात सापळे लावून मस्करॅट पकडतात. त्या प्राण्यांची कातडी न्यूयॉर्कच्या बायकांच्या कोटांना लागते. सुमारे दहा हजार माणसांना घरं सोडायला लावलंय. भरपाईचं लेखी वचन दिलंय. पुढे त्यातल्या अनेकांच्या हाती फुटकी कवडीही पडली नाही.

स्फोट होतो. पहिल्यांदा बांध नुसता खोकल्यासारखं करतो. दहा दिवस सुरुंग लावत राहावं लागतं. मधल्या काळात नदीने वरच्या अंगाला आपण होऊन बांध फोडलेत, म्हणजे एवढं करायची गरजही उरलेली नाही.

ही लबाडी खालच्या लोकांनी विसरावी अशी नव्हतीच. 1965मध्ये बेट्सी वादळाने लोअर नाइन्थ वॉर्ड बुडवला आणि 2005मध्ये कॅटरिनाने पुन्हा बुडवला, तेव्हा दोन्ही वेळा तिथल्या कृष्णवर्णीय वस्तीत एकच बोलणं होतं: बांध उडवलाय. दोन्ही वेळा ते खरं नव्हतं. पण ज्यांच्या आठवणीत एकदा खरं झालेलं आहे त्यांना वेड्यात काढायला माझी जीभ रेटत नाही. आणि याच सुरुंगाचा दुसरा परिणाम कोणाच्या ध्यानात आला तो फार उशिरा: ज्या खाजणावर तो पूर सोडला गेला, तिथे नदीने त्या काही महिन्यांत गाळाचा जाड थर अंथरला. गुन्हा होता, पण जमीन वाढली. पुराने शहाणं झालेल्या सरकारने 1928नंतर बांध असे पक्के केले की नदीला ते पुन्हा करता येऊ नये.

यानंतरची चाळीस वर्षं विमानातून बघा, खालून काही कळणार नाही. खाजणात तेल सापडलंय. प्रत्येक विहिरीपर्यंत यंत्र न्यायचं तर रस्ता कुठला? मग खोदा सरळ चर. काढलेला चिखल दोन्ही कडांना ढीग घालून टाका. चरातून समुद्राचं खारं पाणी आत शिरतं आणि गोड्या पाण्यावरचं गवत जळतं. कडेच्या ढिगांमागे पाणी तुंबून उरलेलं सडतं. मुळं मेली की माती धरून ठेवायला काही उरत नाही, चराची रुंदी आपोआप वाढत जाते. असे हजारो मैल चर. सायप्रसची जुनी जंगलं तोडून झालेलीच आहेत. लाकूड ओढल्याच्या चाकोऱ्या वरून अजून दिसतात. भरीस भर म्हणून 1930च्या दशकात कातड्यासाठी दक्षिण अमेरिकेतून न्यूट्रिया आणला, नारिंगी दातांचा थोराड उंदीरवर्गीय प्राणी. तो पिंजऱ्यांतून बाहेर पडला आणि गवत मुळापासून खाऊ लागला. आता सरकार त्याच्या शेपटीमागे बक्षीस देतं. बांधांनी गाळ बंद केला नसता तर खाजणाने हे सगळं कदाचित सोसलं असतं.

आणि ती पूर्वेकडची सरळ रेघ बघा, 122 किलोमीटर लांब. जहाजांना नदीची वळणं टाळता यावीत म्हणून लष्कराच्या अभियंत्यांनी 1958 ते 1968 या काळात खोदलेला हा कालवा, मिसिसिपी रिव्हर गल्फ आउटलेट. जहाजं फारशी आलीच नाहीत. खारं पाणी मात्र आलं, आणि लोअर नाइन्थ वॉर्डच्या पाठीमागचं बायू बिएनव्हेन्यूचं सायप्रसचं रान उभ्या उभ्या वाळलं. कालवा काही ठिकाणी मूळच्या तिप्पट रुंद झाला. नकाशावर तो दुसऱ्या एका कालव्याला जिथे मिळतो तिथे बांधांचं नरसाळं तयार झालंय आणि त्याचं तोंड समुद्राकडे आहे. लुइझियाना राज्य विद्यापीठातले हसन मश्रिकी हे संशोधक त्या नरसाळ्याकडे बोट दाखवत होते. ते साल होतं 2005.

29 ऑगस्ट 2005, सकाळचे पावणेआठ. तुम्ही लोअर नाइन्थ वॉर्डमधल्या एका घराच्या माळ्यावर आहात. बेट्सीपासून इथली जुनी माणसं माळ्यावर कुऱ्हाड ठेवतात, छप्पर फोडून बाहेर पडता यावं म्हणून. उचला ती. इंडस्ट्रियल कॅनॉलची भिंत फुटलीय, आणि आतून एक भलामोठा बार्ज वाहत येतोय, घरं पायांखाली घेत. शहराचा ऐंशी टक्के भाग पाण्याखाली जाणार आहे.

सगळा दोष खाजणाच्या माथी मारू नका. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट आणि लंडन अव्हेन्यूच्या कालव्यांच्या भिंती पाणी वरून वाहण्याआधीच कोसळल्या. त्या वाईट बांधल्या होत्या, विषय संपला. पूर्वेकडे मात्र गोष्ट वेगळी. गवत आणि झाडं गेलेल्या उघड्या पाण्यावरून लाटा थेट सेंट बर्नार्डच्या बांधांवर आपटल्या, आणि रेताड मातीचे बांध विरघळले. जिथे पुढे झाडं होती आणि माती चिकण होती, तिथले बरेच टिकले. कॅटरिना आणि पाठोपाठ आलेल्या रिटाने खाजणाचाही घास घेतला, पाचशे चौरस किलोमीटरहून जास्त. 1932 ते 2016 या काळात लुइझियानाने गमावलेली जमीन सुमारे 5,200 चौरस किलोमीटर भरते. अख्खा गोवा 3,702 आहे.

पुढचं भरभर. 2009मध्ये मिसिसिपी रिव्हर गल्फ आउटलेट दगड टाकून बंद होतो. 2013मध्ये सरकारी नकाशांवरून यलो कॉटन बेसारखी तीसेक नावं खोडली जातात, कारण उपसागर म्हणायला भोवती जमीन लागते. 2021मध्ये, कॅटरिनाच्याच तारखेला, आयडा येते. साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून उभारलेले नवे बांध शहराला वाचवतात. कॉर्थेलने कबूल केलेला समुद्राचा बांध तो हाच. पण बांधाबाहेरच्या आयर्नटन गावात शवपेट्या कब्रस्तानातून तरंगत बाहेर येतात. 2022मध्ये आइल द जाँ शार्ल बेटावरचे आदिवासी सरकारने उत्तरेला बांधून दिलेल्या घरांत राहायला जातात. त्यांचं 98 टक्के बेट 1955पासून पाण्यात गेलंय.

त्याच आयर्नटनजवळ 2023मध्ये कुदळ पडलेली. बेत असा, की बांधात दरवाजे बसवायचे आणि गाळासकट नदी बाराटारियात सोडायची. पन्नास वर्षांत पन्नासेक चौरस किलोमीटर जमीन हाती लागेल. खर्च तीन अब्ज डॉलर, पैसा मेक्सिकोच्या आखातातल्या 2010च्या तेलगळतीच्या दंडाचा. हे जमतं याचा पुरावा पश्चिमेला आहे. मॉर्गन सिटीचा पूर उतरवायला 1940च्या दशकाच्या सुरुवातीला वॅक्स लेकचा कालवा खणला. 1973च्या पुरानंतर त्याच्या तोंडाशी कोणी न मागता नवी बेटं वर आली आणि ती अजून वाढताहेत.

धक्क्यावर मात्र एखाद्या कोळंबीवाल्याशी बोलून बघा. गोडं पाणी खाडीत शिरलं की कोळंबी हटणार, शिंपल्यातली कालवं मरणार, आणि त्याच्या होडीचा हप्ता या महिन्यात आहे, पन्नास वर्षांनी नाही. तो खोटं बोलत नाही. जुलै 2025मध्ये राज्याने प्रकल्प गुंडाळला, अर्ध्या अब्जाहून जास्त डॉलर खर्च झाल्यावर. त्याऐवजी मर्टल ग्रोव्हला लहान दरवाजा आणि पंपाने चिखल ओतून जमीन करणं, असं ठरलंय. पंपाची जमीन झटपट होते, तिच्यावर गवतही लगेच येतं. पण मागून गाळ येत नाही, म्हणून पंप थांबल्या दिवसापासून ती खचू लागते. अशी कामं साधारण वीस वर्षांचं आयुष्य धरून आखतात. एक पिढीसुद्धा नाही.