नत्रचक्र : हवेतून शेतात, शेतातून विहिरीत

वातावरणात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, म्हणजेच नत्र आहे. प्रथिने आणि डीएनए यांच्या जडणघडणीसाठी प्रत्येक सजीवाला ते लागते. तरीही श्वासाबरोबर आत घेतलेले नत्र जसेच्या तसे बाहेर पडते. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट जखडलेले असतात की, वनस्पती वा प्राण्यांना ते थेट वापरता येत नाही. हा बंध तोडून नत्र सजीवांना उपलब्ध करून देणारी आणि अखेरीस ते पुन्हा हवेत सोडणारी निसर्गाची व्यवस्था म्हणजे नत्रचक्र. गेल्या शतकभरात माणसाने या चक्राचा समतोल बिघडवला असून, त्याचे परिणाम राज्यातील भूजलातही दिसू लागले आहेत.

चक्र कसे चालते?

आकाशातील विजेमुळे थोडे नत्र जमिनीत येते. पण निसर्गात मुख्य काम जिवाणू करतात. तूर, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करतात. भातखाचरांत हेच काम निळे-हिरवे शेवाळ करते. मातीतील अन्य जिवाणू अमोनियापासून आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवतात आणि पिके ते मुळांवाटे शोषून घेतात. पालापाचोळा, मलमूत्र व मृत जीव कुजल्यावर नत्र मातीत परतते. प्राणवायू कमी असलेल्या जागी आणखी काही जिवाणू नायट्रेटचे विघटन करून नत्र हवेत सोडतात आणि चक्र पूर्ण होते.

एका शोधाने बदललेले गणित

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नत्र व हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया तयार करण्याचे प्रात्यक्षिक दाखवले. कार्ल बॉश यांनी ही प्रक्रिया कारखान्यात आणली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. याच मार्गाने आज मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) आणि अलिबागजवळील थळ येथील आरसीएफच्या प्रकल्पांत नैसर्गिक वायूच्या साह्याने अमोनिया व पुढे युरिया बनतो. जगातील जवळपास निम्म्या लोकसंख्येचे अन्न कृत्रिम खतांतील नत्रावर अवलंबून असल्याचा अंदाज आहे. त्यामुळे ही खते एकाएकी बंद करणे शक्य नाही. प्रश्न आहे तो वाया जाणाऱ्या नत्राचा.

उरलेले नत्र जाते कुठे?

युरियात ४६ टक्के नत्र असते. मात्र शेतात दिलेल्या नत्रापैकी साधारण निम्मेच पिकाच्या कामी येते. उरलेल्यातील काही अमोनिया होऊन उडून जाते, तर काही नायट्रस ऑक्साइडच्या रूपात हवेत मिसळते. शंभर वर्षांच्या कालावधीचा विचार करता, हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ घडवतो; शिवाय ओझोनच्या थराचीही हानी करतो. पाण्यात सहज विरघळणारे नायट्रेट पावसाबरोबर, सिंचनाबरोबर खाली झिरपते आणि विहिरी-कूपनलिकांत पोहोचते.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक गुणवत्ता अहवालानुसार, देशभरातील सुमारे २० टक्के नमुन्यांत ती ओलांडली गेली होती. सर्वाधिक बाधित १५ जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव व यवतमाळ हे महाराष्ट्रातील सात जिल्हे होते. खतांबरोबरच गोठ्यांतील मलमूत्र आणि शौचखड्डे हीदेखील याची कारणे आहेत. नायट्रेटला रंग वा वास नसतो. पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांखालील बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटू शकते. बाळ निळसर पडते, म्हणून या विकाराला ‘ब्लू बेबी’ म्हणतात.

शहरेही वाटेकरी

शहरी वाचकाने हा केवळ शेतीचा प्रश्न समजू नये. वाहनांच्या धुरातून नत्राची ऑक्साइड्स बाहेर पडतात आणि सांडपाण्यातून नत्र नद्यांत मिसळते. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तेथून उजनी जलाशयात जाते. नद्यांवर पसरणारी जलपर्णी याच पोषणावर वाढते.

उपाय काय?

देशात २०१५ पासून सर्व युरियाला कडुनिंबाचे आवरण देणे बंधनकारक झाले; त्यामुळे नत्र हळूहळू सुटते. मात्र २०१० च्या पोषणद्रव्याधारित अनुदान योजनेबाहेर राहिल्याने युरिया अन्य खतांपेक्षा स्वस्त राहिला आणि त्याचा अतिवापर वाढला. मातीपरीक्षणानुसार मात्रा, ती हप्त्याहप्त्याने देणे, कडधान्यांची फेरपालट, शेणखत आणि सांडपाण्यावर पूर्ण प्रक्रिया हे मार्ग उपलब्ध आहेत. २०१९ च्या कोलंबो जाहीरनाम्यात २०३० पर्यंत नत्राची नासाडी निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठरले. भूजलात उतरलेले नायट्रेट कमी व्हायला अनेक वर्षे लागतात. म्हणूनच ते विहिरीत पोहोचण्याआधी शेतात आणि गटारातच रोखणे अधिक शहाणपणाचे आहे.