सोळा आण्यांचं पीक आणि ढगाआडचा उपग्रह

सप्टेंबर संपत आला की अमरावती-अकोल्याच्या पेपरांत एक बातमी हमखास येते: जिल्ह्याची नजरअंदाज पैसेवारी इतके इतके पैसे. आकडा पन्नासच्या वर गेला की गावोगावी बोंब, आणि खाली आला की लोकांना हायसं वाटतं. पीक चांगलं म्हटलं की राग आणि वाईट म्हटलं की समाधान! हिंजवडीतल्या माझ्या एका टीममेटला ही बातमी दाखवली तर त्याला वाटलं की सोयाबीनचा भाव पडला. तेव्हा या विकांताला म्हटलं, जरा इतिहासातच जाऊ या.

शेतात उभं पीक कसं आहे हे कापणीच्या आधी कळायला हवं, ही सरकारची गरज फार जुनी. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. इथला कापूस मँचेस्टरला जात होता आणि सारा रोखीनं भरायचा होता. त्यामुळे पिकाचा अंदाज हा सरकारसाठी पैशाचाच प्रश्न. तो अंदाज देणार कोण? पाटील आणि पटवारी. बांधावरून नजर टाकायची आणि सांगायचं, 'यंदा दहा आणे'. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक. हीच आणेवारी. १९५७ साली दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले, आणि तिची पैसेवारी झाली.

आता गंमत बघा. काही प्रांतांत 'नेहमीचं' पीक म्हणजे बारा आणे, तर काहींत सोळा. एकाच देशात दोन एककं! इंटिग्रेशन टेस्टिंग केलेल्या कुणालाही हे वाचून घाम फुटेल. शिवाय 'नेहमीचं पीक' म्हणजे नक्की किती, हे कुणीही मोजलेलं नाही. एकूण उत्पादनाचं सूत्र होतं क्षेत्र गुणिले नेहमीचं एकरी उत्पादन गुणिले आणे. तीन आकड्यांपैकी बऱ्यापैकी भरवशाचा एकच, क्षेत्राचा.

पण हा आकडा हिशेबापुरता कधीच नव्हता. मुंबई इलाख्यात पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर त्या वर्षीची सारावसुली तहकूब करायचा नियम होता. १९१८ साली गुजरातेत खेडा सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. शाळेत आपण हे 'साराबंदीचा लढा' म्हणून पाठ केलं, पण तो एका मोजमापावरून झालेला लढा होता हे मला तरी इंजिनियर झाल्यावरच कळलं. :)

मोजमाप शास्त्रशुद्ध करायचं काम पुढे संख्याशास्त्रज्ञांनी हातात घेतलं, आणि त्यात दोन मराठी नावं अगदी वरची आहेत. एक पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दुसरे विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेतले. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला पानशांनी कापसाच्या उत्पन्नाची नमुना पाहणी केली, आणि ती चक्क आमच्या अकोला जिल्ह्यात. चिठ्ठ्या टाकल्यासारखी गावं निवडायची, गावातून शेतं, शेतातून ठरावीक मापाचा एक तुकडा. तेवढ्यातलं पीक काढायचं आणि तोलायचं. पाटलाच्या नजरेचा संबंधच नाही.

तुकडा किती मोठा घ्यायचा यावरून सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबीस यांच्यात चांगलीच जुंपली होती. महालनोबीसांचं म्हणणं, छोटे तुकडे घ्या, काम झटपट होतं. सुखात्म्यांनी १९४६ साली दाखवून दिलं की फार छोट्या तुकड्यातून उत्पन्न फुगून दिसतं. कारण अगदी साधं आहे. कडेवरचं झाड आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की मोजणाऱ्याचा हात नकळत ते आतच घेतो. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड मोठी, आणि चूकही मोठी. मला हा किस्सा भयंकर आवडतो. पुढे या पानसे-सुखात्मे जोडीनं कृषी संशोधकांसाठी संख्याशास्त्राचं जे पुस्तक लिहिलं, ते कृषी विद्यापीठांत अनेक पिढ्यांनी वापरलं. आजचा 'पीक कापणी प्रयोग' हा याच घराण्यातला.

मात्र पीक कापणी प्रयोग कापणीच्या वेळीच होतो. ऑगस्टमध्ये पान पिवळं पडतंय ते त्याला दिसत नाही. पेशंट गेल्यावरचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट म्हणा ना.

हंगामाच्या मध्यात नाडी बघायची निकड अमेरिकेला जाणवली ती मक्यावरून. १९७० साली तिथे मक्यावर पानांच्या करप्याची साथ आली आणि देशाचं सुमारे १५ टक्के पीक गेलं. जवळपास सगळं संकरित बियाणं एकाच जातकुळीतून आलं होतं, आणि ती जातकुळी नेमकी या बुरशीला बळी पडणारी. पुढच्याच वर्षी कृषी खातं, नासा आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी मिळून मक्याच्या सात राज्यांवर उंच उडणारी विमानं फिरवली आणि दर दोन आठवड्यांनी अवरक्त फिल्मवर फोटो काढले. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. पान आजारी पडलं की हे गणित बिघडतं. या दोन्हींतला फरक भागिले बेरीज, एवढाच तो प्रसिद्ध 'एनडीव्हीआय'. १९७२ मध्ये पहिला लँडसॅट उपग्रह गेला आणि विमानांचं काम अवकाशात पोचलं.

आपणही फार मागे नव्हतो. १९७०च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या गटानं हेलिकॉप्टरमधून केरळातल्या नारळांचे अवरक्त फोटो घेतले होते, 'रूट-विल्ट' रोग लागलेली झाडं ओळखण्यासाठी. १९८८ साली आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह आयआरएस-१ए बैकानूरहून उडाला, आणि २०१२ साली दिल्लीत पीक अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र निघालं. नाव कुणाचं दिलं? महालनोबीसांचं.

आता वऱ्हाडात परत येऊ. माझ्या मामांचं वावर भातकुली तालुक्यात आहे. अमरावतीच्या पश्चिमेचा हा भाग म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी चिकण माती, तिच्यात सोडियम भरपूर, आणि विहिरीचं पाणी खारं. पाऊस जास्त झाला की पाणी मुरत नाही, कमी झाला तर भेगांत पाय जातो. अशा जमिनीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ज्वारी-कपाशीच्या जागी सोयाबीन शिरलं. शंभरेक दिवसांचं पीक, पैसा लवकर हातात.

२००८ साली विदर्भ-मराठवाड्यात या सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळीचा, स्पोडोप्टेराचा, मोठा उद्रेक झाला. पानांच्या नुसत्या जाळ्या उरल्या. त्यानंतर २००९-१०च्या हंगामापासून राज्य सरकारनं 'क्रॉपसॅप' सुरू केलं, आणि हा प्रकार आपल्या मंडळींना लगेच कळेल, कारण हे चक्क मॉनिटरिंग आहे. कीड सर्वेक्षक ठरलेल्या दिवशी ठरलेल्या आणि काही अचानक निवडलेल्या शेतांत जातात, ओळीच्या एका मीटरमधल्या अळ्या मोजतात, कामगंध सापळ्यात अडकलेले पतंग मोजतात. ही विदा संगणकावर चढते. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, म्हणजे उंटअळी असेल तर मीटरमागे चारेक, की कृषी विद्यापीठाचा सल्ला एसएमएसनं शेतकऱ्याकडे जातो. थ्रेशोल्ड आणि अलर्ट! फरक इतकाच की इथे प्रोब म्हणजे चिखलात उतरलेला माणूस आहे. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत अक्कलहुशारीची गोष्ट हीच, आणि तिचं कौतुक सर्वांत कमी झालं.

उपग्रहाची अडचण वेगळी. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह आज दर पाचेक दिवसांनी दहा मीटरचे बारकावे दाखवतात, तेही फुकट. पण सोयाबीनला फुलं-शेंगा धरतात ऑगस्टमध्ये, आणि ऑगस्टमध्ये वर ढग. रडार ढगातून आरपार बघतं खरं, पण पानाचा रंग त्याला कळत नाही. आणि समजा आभाळ फाकलं, तरी पिवळं शेत म्हणजे नक्की काय? पिवळा मोझॅक, मूळकुज, की साचलेलं पाणी? मामा फोनवर "आवंदा पिवयं पडलं" एवढंच म्हणतात, पण त्याच वाक्यात कारणही सांगतात. २०२३ साली विदर्भात मोझॅक आणि मूळकुज एकदमच आले, आणि त्याच वर्षीचा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. आता वरून कुठलं पिवळं कशाचं म्हणायचं?

त्या २०२३ मध्ये पीकविम्यात एक सोय होती. हंगामाच्या मध्यातच उत्पन्न निम्म्याखाली जाईल असं दिसलं तर भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ मिळे. राज्यात कितीतरी जिल्हाधिकाऱ्यांनी सोयाबीनसाठी तशा अधिसूचना काढल्या. २०२५च्या खरिपापासून महाराष्ट्रानं एक रुपयातल्या विम्याबरोबर हे कलमही काढून टाकलं, आणि भरपाई पुन्हा पीक कापणी प्रयोगावर आली. दुसरीकडे केंद्राच्या 'यस-टेक'मध्ये २०२४च्या खरिपापासून सोयाबीनच्या उत्पन्न अंदाजाला तंत्रज्ञानाचा किमान ३० टक्के भार आहे. म्हणजे यंत्र आलं, पण कापणीच्या आकड्यासाठी आलं. ऑगस्टमधल्या दुसऱ्या फवारणीला लागणाऱ्या पैशासाठी नाही. हा उलटा प्रवास मला तरी समजत नाही.

आणि पैसेवारी? केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवायचं मुख्य काम तिच्याकडून गेलं. पाऊस, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाचे निर्देशांक पाहून २०१८ साली राज्यात १५१ तालुके जाहीर झाले. पण ती बंद पडली नाही. नजरअंदाज ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला, अंतिम ३१ डिसेंबरला, असं तिचं वेळापत्रक चालूच आहे. हे वेळापत्रक कपाशी-ज्वारीच्या लांब हंगामाला शोभतं. अंतिम आकडा येतो तोवर मामांचं सोयाबीन विकून दोन महिने झालेले असतात आणि त्या वावरात हरभरा फुलावर आलेला असतो.