पाणसळीचे कूळ

आपल्या जुन्या वसुली दप्तरांत जमिनीचे जे वर्णन आढळते ते वाचताना असे वाटते की, त्या काळच्या कारकुनांनी धरित्रीविषयी जाणून घ्यावयाचे काही बाकी ठेवलेच नव्हते. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद असा बिघा, १२० बिघ्यांचा चावर, ही मापे ठरलेली. जमीन अव्वल, दूम की सीम याचा निवाडा झालेला. पूर्वेस कोणाचे शेत आणि पश्चिमेस कोणता ओढा याची चतुःसीमेसह नोंद. आणि पुढे इंग्रजी अमलात, १८३६ च्या सुमारास, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ज्या पाहणीचा पाया घातला तिच्यात साखळीने मोजलेल्या प्रत्येक शेताला क्रमांक मिळून त्याच्या मगदुराप्रमाणे त्यावर सारा बसलेला. एवढ्या रकान्यांत एक रकाना मात्र कोठेच नाही, आणि तो म्हणजे हे शेत शेजारच्या शेताहून किती उंच अथवा किती सखल आहे याचा. सारा क्षेत्रावर आणि प्रतीवर बसत असल्यामुळे उंचीवाचून दिवाणाचे काही अडत नव्हते. आणि ज्यावाचून अडत नाही ते दप्तरात शिरत नाही, हा दप्तरांचा स्वभावच आहे. उंचीची चौकशी प्रथम केली ती पाण्याने. जेथे पाणी आणावयाचे, अडवावयाचे किंवा घालवावयाचे असते तेथे काठी-बिघ्याचे सारे ज्ञान बाजूला राहते आणि या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत भूमी किती बोटे उतरली, एवढ्या एकाच उत्तरावर सगळ्या खर्चाचे सार्थक किंवा मातेरे व्हावयाचे असते.

आपल्या गवंड्यांच्या हत्यारांतील ‘पाणसळ’ या नावाच्या आरंभीच पाणी बसलेले आहे ते त्यामुळेच. आजची पाणसळ म्हणजे लाकडाच्या अथवा धातूच्या पट्टीत बसवलेली, मद्यार्काने भरलेली काचेची नळी, आणि तिच्यात पाण्याचा थेंबही नसतो. पण नावे वस्तूंपेक्षा चिवट असतात. तिचा सोबती ओळंबा. हा शब्द ‘अवलंब’ या संस्कृत शब्दापासून झिजत झिजत आपल्यापर्यंत आला. या जोडीचा उल्लेख आर्यभटाने इ.स. ४९९ मधील आपल्या ग्रंथाच्या गणितपादात करून ठेवला आहे, आणि तोही अशा काटकसरीने की, समभूमी जलाने साधावी व ऊर्ध्वाधर रेषा लंबकाने साधावी, हे दोन्ही विधी त्याने एका आर्येच्या उत्तरार्धात उरकले. सूर्यसिद्धांतातही छाया मोजण्यासाठी शंकू रोवावयाचा तो पाण्याने समतल करून घेतलेल्या शिळेवर रोवावा असे सांगितलेले आहे. ज्योतिष्याला सूर्याची सावली हवी होती. परंतु तळ कललेला असेल तर सावलीही खोटे बोलते, म्हणून आकाशाकडे पाहण्यापूर्वी त्याला जमिनीवर पाणी ओतावे लागले.

पाणी आणि ओळंबा ही दोन निरनिराळी साधने दिसत असली तरी त्यांचा मूळ पुरुष एकच, तो म्हणजे गुरुत्वाकर्षण. ओळंब्याची दोरी ज्या दिशेने लोंबते तिच्याशी काटकोन करूनच स्थिर पाण्याचा पृष्ठभाग पसरतो, आणि म्हणून एक हाती असेल तर दुसरे त्याच्यापासून काढता येते. हे ईजिप्तच्या कारागिरांनी फार पूर्वी ओळखले होते. तिकडील देइर एल-मदिना येथील सेन्नेजेम नावाच्या कारागिराच्या थडग्यात, तीन सहस्र वर्षांहून जुन्या अशा त्या सामानात, दोन तिरक्या पायांची आणि एका आडव्या पट्टीची लाकडी चौकट सापडली; तिच्या शेंड्यापासून ओळंबा सोडावयाचा आणि दोरी आडव्या पट्टीवरील मधल्या खुणेवर आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावयाचे.

रोमन लोकांनी या विद्येला जे स्वरूप दिले ते त्यांच्या स्वभावाला साजेसे, म्हणजे भरभक्कम होते. व्हिट्रुव्हियसने आपल्या वास्तुग्रंथाच्या आठव्या भागात, जो सर्वस्वी पाण्यालाच वाहिलेला आहे, ‘कोरोबातेस’ नामक यंत्राचे वर्णन केले आहे. वीस फूट लांबीचा एक सरळ लाकडी पाट, त्याला दोन्ही टोकांस पाय, पायांना आधार देणाऱ्या तिरप्या काठ्यांवर उभ्या रेषा, आणि वरून सोडलेले ओळंबे. ओळंबे रेषांवर आले की पाट समतल झाला. पण उघड्या माळावर वारा सुटला म्हणजे ओळंबे झोके घेऊ लागतात. त्या वेळेसाठी पाटाच्या वरच्या अंगाला पाच फूट लांबीची, एक अंगुळ रुंद व दीड अंगुळ खोल पन्हळ कोरलेली असे, तिच्यात पाणी भरून काम भागवावे. याच ठिकाणी व्हिट्रुव्हियसला एक पंडिती शंका आठवते. आर्किमिडीज वाचलेला कोणी म्हणेल की, पाण्याचा पृष्ठभाग मुळी सपाटच नसतो, तो पृथ्वीच्या मध्यबिंदूभोवतीच्या गोलाचा भाग असतो, तर मग पाण्याने पातळी कशी साधणार? त्यावर त्याचे उत्तर असे की, मध्ये फुगवटा असला तर असो, दोन्ही टोके सारख्याच उंचीवर राहणार, आणि आपल्याला टोकांशीच कर्तव्य आहे. हे उत्तर मला फार आवडते. पुढच्या दोन हजार वर्षांत तलमापनाने जी मोठी युक्ती योजली तिचे बीज त्यात आहे, हे त्या स्थापत्यविशारदाच्या ध्यानीमनीही नसावे.

आपल्याकडेही पाणी दूर नेण्याचे काम कोणी लहान केलेले नाही. खानदेशातील पांझरा, मोसम या नद्यांवरील बंधारे आणि त्यांतून निघणारे फडांचे पाट. मलिक अंबराने खडकीस, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस, जमिनीखालून आणलेली नहर. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत नेलेला नळ आणि वाटेत हवा सुटण्यासाठी बांधलेले त्याचे उच्छ्वास, या सर्वांत उताराचा हिशेब चुकला असता तर पाण्याने तत्काळ साक्ष दिली असती. ती त्याने विरुद्ध दिली नाही, एवढेच त्या अनामिक कारागिरांचे प्रशस्तिपत्र.

यानंतरची मोठी क्रांती झाली ती पाणी काढून टाकून त्याच्या जागी एक बुडबुडा ठेवल्याने. १६६१ च्या सुमारास मेल्किसेदेक तेव्हनो या फ्रेंच गृहस्थाने काचेच्या बंद नळीत मद्यार्क भरून त्यात हवेचा एक फुगा राखला. मद्यार्क थंडीत गोठत नाही आणि त्याचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे फुगा त्यात चटकन हलतो. पुष्कळांची अशी समजूत असते की, ही नळी सरळ असते. सरळ असती तर ती अगदीच निरुपयोगी झाली असती, कारण किंचित कलताच फुगा धावत जाऊन टोकाशी थडकला असता. नळीची वरची बाजू अतिशय मोठ्या वर्तुळाच्या कंसासारखी घासलेली असते आणि फुगा त्या कंसाचा सर्वोच्च बिंदू शोधतो. ज्या नळीवर दोन मिलिमीटरच्या एका भागाला २० विकलांचा कल दिसतो तिच्या वर्तुळाची त्रिज्या २० मीटरहून अधिक असते. असा कंस बोटाएवढ्या काचेत घासणे हे काम त्या काळी सोपे नव्हते, आणि म्हणूनच तेव्हनोची कल्पना सर्वत्र रुळावयास पुढचे शतक उजाडावे लागले. दरम्यान झां पिकार या ज्योतिष्याने ओळंब्याला दुर्बिणीची जोड दिली. चौदाव्या लुईला व्हर्सायच्या उद्यानांतील कारंज्यांसाठी पाणी हवे होते आणि ल्वार नदी तिकडे वळवावी अशी सूचना कोणी केली होती. पिकारने उंची मोजून दाखवून दिले की, नदी त्यासाठी पुरेशा उंचीवर नाही. राजाज्ञेपुढे मान न वाकवणारी अशी एखादीच गोष्ट त्या दरबारात असेल. तलमापनावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८४ मध्ये, प्रसिद्ध झाला.

दुर्बीण आणि फुगा यांचा संसार पुढे नीट जमला. १८३२ च्या सुमारास विल्यम ग्रॅव्हॅट या इंग्रज स्थापत्यविशारदाने आखूड नळीचे, बुटके असे यंत्र तयार केले. त्याच्या ठेंगणेपणावरून त्याला ‘डंपी’ हे काहीसे थट्टेचे नाव मिळाले आणि आपल्या बांधकाम खात्यातील ओव्हरसिअर मंडळींच्या तोंडी ते कायमचे बसले. मजुरांच्या लेखी मात्र ती ‘दुर्बीण’च. तिच्या जोडीस चौदा फुटांचा, एकातून एक निघणारा, लाल आकड्यांनी फूट आणि काळ्या आकड्यांनी फुटाचे दशांश दाखवणारा सॉपविथ स्टाफ, आणि तो उभा धरणारा ‘खलाशी’. समुद्रापासून शेकडो मैल दूर, माळरानावर उभ्या असलेल्या या माणसाला गलबतावरचे नाव कसे चिकटले हा स्वतंत्र कुळकथेचा विषय आहे.

क्रिया दिसावयास अगदी साधी. उंची ठाऊक असलेल्या ठिकाणी स्टाफ उभा करून मागचे वाचन घ्यावे, मग खलाशाला पुढे पाठवून पुढचे वाचन घ्यावे. दोहोंतील अंतर म्हणजे भूमीचा चढ किंवा उतार. मग यंत्र उचलून पुढे न्यावे आणि असे बेडूकउड्या घेत मैलच्या मैल काटावे. स्टाफ ओळंब्यात आहे की नाही हे कळत नसेल तर खलाशाने तो सावकाश मागे-पुढे झुलवावा आणि दिसेल ते सर्वांत लहान वाचन खरे मानावे. जुन्या दुर्बिणींत हे सगळे उलटे, पाय वर डोके खाली, दिसत असे. परंतु या साधेपणात एक चातुर्य दडलेले आहे. यंत्र मागच्या आणि पुढच्या स्टाफच्या बरोबर मध्ये ठेवले तर दुर्बिणीची नजर थोडी वर चढलेली असली तरी दोन्ही वाचनांत चूक सारखीच येते आणि वजाबाकीत नाहीशी होते. एक किलोमीटर अंतरावर पृथ्वीची गोलाई सुमारे ७.८ सेंटीमीटरची फसवणूक करते, हवेतील वक्रीभवन तिच्यातले सेंटीमीटरभर परत करते. मध्यावर उभे राहणाऱ्याला या दोहोंची फिकीर नाही. दोन्ही टोके सारखी असली की मधल्या फुगवट्याशी आपल्याला कर्तव्य नाही, हे व्हिट्रुव्हियसचेच उत्तर.

याच विद्येच्या जोरावर बोरघाटात पंधरा मैलांहून थोड्या अधिक अंतरात १,८३१ फूट चढणारा लोहमार्ग आखला गेला आणि १८६३ मध्ये खुला झाला. पण ही विद्या घाईत आणि भयात केली तर काय होते याचे उदाहरण सुएझचे. नेपोलियनच्या ईजिप्त स्वारीत, १७९९ मध्ये, ल पेर या अभियंत्याच्या हाताखालील लोकांनी त्या वाळवंटात तलमापन केले. हल्ल्यांची धास्ती, पाण्याची टंचाई, मध्येच थांबलेले काम, आणि सुरू केल्या ठिकाणी परत येऊन पडताळा पाहण्यास फुरसत नाही. त्यांच्या हिशेबाने तांबडा समुद्र भूमध्य समुद्राहून सुमारे दहा मीटर उंच निघाला. एकमेकांना जोडलेल्या महासागरांत इतका फरक राहणे लाप्लाससारख्या गणितज्ञाला पटेना. तरीही कागदावरील आकड्याला जे वजन असते ते तर्काला नसते, आणि कालव्यात समुद्र उसळून येईल ही धास्ती जवळजवळ अर्धे शतक टिकली. १८४७ मध्ये बूर्दालू याने पुन्हा काटेकोर मोजणी केली तेव्हा दोन्ही समुद्र जवळपास एकाच पातळीत असल्याचे दिसून आले. १८६९ च्या नोव्हेंबरात कालवा खुला झाला आणि मुंबई विलायतेच्या हजारो मैल जवळ आली. ल पेरचा आकडा पुढेही खराच मानला जात राहिला असता तर मुंबईची भरभराट किती वर्षे लांबली असती याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

राहता राहिला प्रश्न शून्याचा. फरक मोजता आला तरी तो कशापासून मोजावयाचा? उत्तर पुन्हा पाण्यानेच दिले, पण मोठ्या नाखुशीने, कारण समुद्र दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. म्हणून बंदराच्या धक्क्याशी विहीर करावी, तिच्यात तरंगता फुगा सोडावा, घड्याळाने फिरणाऱ्या कागदावर त्याची हालचाल उमटू द्यावी आणि वर्षानुवर्षांच्या त्या चढउतारांची सरासरी काढावी. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून ही नोंद चालत आलेली आहे. हिंदुस्थानात काटेकोर तलमापनास १८५८ मध्ये आरंभ झाला, आणि मौज अशी की, एव्हरेस्ट शिखराची २९,००२ फूट ही उंची त्याआधी दोन वर्षे, केवळ कोनमापनाच्या बळावर, जाहीर होऊन गेली होती. पुढे १९०९ मध्ये कराची, मद्रास आदी नऊ बंदरांतील समुद्राची सरासरी पातळी एकच शून्य आहे असे धरून सगळ्या देशाचे जाळे जुळवले गेले. नऊ ठिकाणचा समुद्र खरोखर तंतोतंत एका पातळीत नसतो; पण शून्याच्या बाबतीत एकमत हेच सत्य मानावे लागते. मुंबई शहराने तर स्वतःचे वेगळे शून्य टाऊन हॉलशी बांधून ठेवले, महापालिकेच्या गटारांच्या नकाशांत ते अद्याप वावरते, आणि बंदराच्या नकाशातील शून्य त्याहून निराळे. एकाच समुद्राकाठी तीन शून्ये नांदतात.

त्या शून्यापासून आत आलेल्या वाटेवर जी. टी. एस. (ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे) ही अक्षरे कोरलेले दगड बसवले गेले. विलायतेत भिंतीच्या दगडात आडवी खाच पाडून तिच्यात लोखंडी कोन अडकवीत आणि त्या बाकावर स्टाफ टेकवीत, म्हणून त्या खुणेला ‘बेंचमार्क’ म्हणू लागले. आता हा शब्द पेढ्यांच्या अहवालांत आणि व्यवस्थापकांच्या भाषणांत इतका फिरतो की, त्याचे कूळ एका खाचेत आहे हे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. आणि प्रत्यक्ष दगड मात्र रस्ते रुंद करताना उखडले जातात.

आमच्याकडचा गवंडी हल्ली दोन भिंतींवर एक पातळी उतरवावयाची झाली तर पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी पाण्याने भरतो. एक टोक स्वतः धरतो, दुसरे जोडीदाराच्या हाती देतो, आणि दोन्हीकडील पाणी थांबले की खडूने रेघ मारतो. न्हाणीघराच्या फरशीचा ढाळ तो पाणसळीने साधतो खरा, पण काम उरकल्यावर घरधन्याला बोलावून, तिच्यावर एक बादली पाणी ओतून, ते मोरीच्या तोंडाकडे जाते की कोपऱ्यात थबकते हे उकिडवा बसून पाहत राहतो.